कुलूप पक्के, पण किल्ली कोठे?

काही वर्षांपूर्वी इंदूरहून पुण्यास रेल्वेने जात असता माझा लॅपटॉप चोरीस गेला. यंत्राची किंमत मी दोन दिवसांत विसरलो. त्यातील सुमारे चारशे रुग्णांच्या नोंदी मात्र मनातून जाईनात. त्यांत क्षयाचे रुग्ण होते, एच.आय.व्ही. बाधित होते, घरच्यांपासून लपविलेले दुःख केवळ माझ्यापाशी बोललेल्या काही भगिनीही होत्या. ‘संगणकाला पासवर्ड होता ना?’ असे प्रत्येकाने विचारले. होता, पण त्याचा उपयोग नव्हता, हे मला नंतर उमगले.

संगणक सुरू करताना विचारला जाणारा परवलीचा शब्द हा दारावरचा पहारेकरी होय. डिस्क कूटबद्ध केलेली नसेल, तर चोर ती काढून दुसऱ्या संगणकास जोडतो आणि पहारेकऱ्याशी त्याची गाठच पडत नाही. एन्क्रिप्शन, म्हणजे कूटलेखन, ही गोष्ट निराळी. त्यात फाईलमधील मजकुराचेच गणिती रीतीने असे रूपांतर होते की, किल्लीवाचून ती अंकांची निरर्थक रास ठरते.

हे कुलूप कितपत भक्कम आहे? आज सर्वाधिक वापरात असलेली ए.ई.एस. ही पद्धत दोन बेल्जियन तज्ज्ञांनी, योआन दाएमन व व्हिन्सेंट रायमेन यांनी रचली आणि अमेरिकेने ती २००१ साली मानक म्हणून स्वीकारली. ती मुळीच गुप्त नाही, पाठ्यपुस्तकांत छापलेली आहे. पद्धत शत्रूस ठाऊक झाली तरी चालावे, गुप्त राहावी ती केवळ किल्ली, हे तत्त्व केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच सांगून ठेवले होते. १२८ बिटांच्या किल्लीचे संभाव्य प्रकार म्हणजे ३४ वर ३७ शून्ये! सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहणारे यंत्र आणले, तरी सर्व तपासण्यास एकावर एकोणीस शून्ये इतकी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे, हे लक्षात घ्यावे. याउलट डी.ई.एस. या जुन्या पद्धतीची ५६ बिटांची किल्ली १९९८ साली एका खास यंत्राने तीन दिवसांच्या आत शोधून काढली होती.

मग धोका कोठे आहे? आपल्या शस्त्रक्रियागृहात ऑटोक्लेव्ह उत्तम असूनही हात न धुतल्याने जंतुसंसर्ग होतो, तसेच येथे आहे. पुष्कळदा ही किल्ली आपण निवडलेल्या परवलीच्या शब्दावरून तयार होते. चोर ३४ वर ३७ शून्यांच्या मागे लागत नाही. तो नातवाचे नाव, जन्मतारीख, दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक लावून पाहतो. सहा अंकी संख्या तर अवघ्या दहा लाख! परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द एकत्र गुंफावेत. ते लक्षात राहतात आणि तर्काने सापडत नाहीत.

दुसरा धोका चालू संगणकाचा. काम सुरू असताना किल्ली यंत्राच्या स्मृतीत असते. वीज तोडल्यावरही ती स्मृती काही सेकंद ते काही मिनिटे टिकते, आणि थंड केल्यास आणखी टिकते, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले. म्हणून प्रवासात नुसते झाकण न मिटता संगणक पूर्ण बंद करावा.

तिसरा धोका प्रतींचा. एक फाईल कुलुपात आणि तिचीच उघडी प्रत पेनड्राइव्हवर, असे आपण सर्रास करतो. याकरिता सुटी फाईल कूटबद्ध करण्यापेक्षा संपूर्ण डिस्कच करणे इष्ट. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर, मॅकवर फाईलव्हॉल्ट आणि विनामूल्य हवे असल्यास व्हेराक्रिप्ट, अशी साधने उपलब्ध आहेत. पेनड्राइव्हही त्याच रीतीने कूटबद्ध करावा.

मात्र कूटलेखन सर्व रोगांवरील औषध नव्हे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने ब्रिटनमधील अनेक सरकारी रुग्णालयांचे संगणक बंद पाडले. त्यात चोरांनीच आपले कुलूप फाईलींना घातले होते! कुलपावर दुसरे कुलूप बसू शकते. तेथे तारते ती संगणकापासून अलग ठेवलेली राखीव प्रत. तसेच स्वतःची किल्ली हरवली, तर आपली फाईल आपल्यालाही उघडत नाही. बिटलॉकर देते ती ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर छापून घरच्या तिजोरीत ठेवावी. लॅपटॉपच्या पिशवीत तर नकोच.

चोरीनंतर ज्यांच्या नोंदी विशेष नाजूक होत्या, त्यांना मी स्वतः भेटून घडले ते सांगितले. एका बाईंनी एवढेच विचारले, ‘डॉक्टरसाहेब, आता कोणाला कळेल का हो?’ मला उत्तर देता आले नाही. ही साधने तेव्हाही होती आणि ती सुरू करण्यास माझी एक संध्याकाळ पुरली असती.