अजब बंगल्यातली वैनगंगा

वरठी म्हणजे रेल्वेच्या पाटीवरचं ‘भंडारा रोड’. इथून गाडीत बसलं, कन्हानचा पूल मागे टाकला की नागपूर येतं. सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय आपल्याकडे ‘अजब बंगला’ म्हणूनच माहीत आहे. स्थापना 1863 ची. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या काळात ते उभं राहिलं. त्याच वर्षी स्टीफन हिस्लॉप गेले. मिशनरी असूनही या माणसाने दगड, जीवाश्म आणि गोंडांची गाणी सारख्याच आस्थेने गोळा केली होती. टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या प्रवाहात ते बुडाले. त्यांची टिपणं टेंपल यांनीच 1866 मध्ये छापून आणली. निसर्ग, इतिहास आणि आदिवासी जीवन एकाच छताखाली का, याचं उत्तर मला हिस्लॉप यांच्या त्या वेडात दिसतं.

मुलं धावतात ती पेंढा भरलेल्या प्राण्यांकडे, आणि धावावंच. पण वरठीकडच्या माणसाने गुंगेरियाच्या तांब्यासमोर जरा जास्त थांबावं. गुंगेरिया आज मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात आहे. हा जिल्हा 1867 मध्ये झाला, तोही काही भाग भंडाऱ्यातून काढून. तिथे 1870 मध्ये गुरं चारणाऱ्या पोरांना मातीतून वर आलेलं धातूचं टोक दिसलं. उकरल्यावर तांब्याच्या 424 वस्तू आणि चांदीचे 102 पत्रे निघाले. तांब्याची बहुतेक पाती कुऱ्हाडीसारखी चपटी, धारेकडे पसरत गेलेली. काही मात्र लांबट, पहारेसारखी. चांदीचे पत्रे अगदी पातळ: काही गोल चकत्या, तर काही खाली वळलेल्या शिंगांच्या बैलमुखासारखे. साठा पुढे वाटला गेला. काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचला, काही नागपूरला राहिला.

पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याला तांबं नवीन नाही. तरी हे तांबं कुठल्या खाणीतलं, इतकी चांदी कुठून आली, एवढा ऐवज कोणी आणि का पुरला, हे विचारत तिथे उभं राहावंसं वाटतं.

शिलालेखांच्या दालनात माळव्याच्या परमारांची प्रशस्ती आहे, इ. स. 1104 ची. अक्षरं वाचता आली नाहीत तरी ओळींची शिस्त पाहावी.

माझ्या मते वैनगंगेच्या खोऱ्याला इथे स्वतंत्र दालन हवं. वरच्या अंगाला गुंगेरिया, खाली पवनी. पवनीत 1969-70 च्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आले. चिखला आणि डोंगरी बुजुर्गचं मॅंगनीज, कोहळ्यांनी बांधलेले तलाव, धानाच्या बांध्या, झाडीपट्टीची दंडार, हे सगळं याच पाण्याभोवतीचं आहे. नकाशावर नदीची एक निळी रेघ काढून तिच्या काठाने या वस्तू मांडल्या, तर वरठीचं पोर आधी आपलं गाव शोधेल आणि मग गुंगेरियापर्यंत बोट नेईल.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. निघण्याआधी वार पाहून घ्यावा.