तलावातून सूर्याकडे

उदयपूरच्या फतेहसागर तलावातल्या एका छोट्या बेटावर सौर वेधशाळा आहे. तिथली ५० सेंटिमीटर व्यासाची ‘मास्ट’ दुर्बीण दिवसभर सूर्याचे वेध घेते. वेधशाळेसाठी तलाव निवडला तो हवेसाठी. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा उसळते आणि दुर्बिणीतली प्रतिमा थरथरू लागते. पाणी इतक्या लवकर तापत नाही, म्हणून त्यावरची हवा बरीच शांत असते. कॅलिफोर्नियातली बिग बेअर वेधशाळाही याच कारणाने तलावात उभी आहे.

एवढा आटापिटा सूर्याचं चुंबकीय क्षेत्र मोजण्यासाठी. ते डोळ्यांना दिसत नाही. पण प्रकाशावर आपली खूण सोडून जातं. सूर्याच्या वर्णपटात लोहाच्या अणूंमुळे उमटणारी बारीक काळी रेषा प्रबळ चुंबकीय क्षेत्रात फुटते, एकीच्या जागी अनेक रेषा दिसतात. पीटर झीमन यांनी १८९६ मध्ये हा परिणाम प्रयोगशाळेत पाहिला. जॉर्ज एलरी हेल यांना तोच १९०८ मध्ये सूर्यडागांच्या प्रकाशात सापडला. मोठ्या डागात हे क्षेत्र ३,००० गॉसच्या घरात असतं. पृथ्वीचं जेमतेम अर्धा गॉस. डागातलं क्षेत्र खालून येणाऱ्या तप्त वायूला अडवतं, म्हणून डाग थंड आणि काळा दिसतो. थंड म्हणजे तरी सुमारे ४,००० अंश!

खरी गुंतागुंत मात्र डागांहून कितीतरी बारीक चुंबकीय धाग्यांत आहे. ते पाहायला मोठा आरसा लागतो. हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरच्या इनोये दुर्बिणीचा आरसा ४ मीटरचा आहे. सूर्यावरचे सुमारे ३० किलोमीटरचे तपशील ती टिपते. पण एवढा आरसा सूर्याकडे वळवला की सुमारे १२ किलोवॉट ऊर्जा एकवटते. ती काढून टाकण्यासाठी रात्री बर्फ तयार करून ठेवतात आणि त्याच्या गारव्यावर दिवसभर यंत्रणा थंड राखतात. हवेमुळे प्रतिमेत उरलेली थरथर घालवायला एक लवचीक आरसा सेकंदाला हजाराहून अधिक वेळा आपला आकार बदलतो.

हे मोजमाप महत्त्वाचं, कारण पिळलेलं चुंबकीय क्षेत्र अचानक सुटलं की सौरवादळं उठतात. मार्च १९८९ मधल्या अशाच वादळाने कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली होती.

असं मोजमाप भारतातूनही व्हावं म्हणून लडाखमध्ये पँगाँग सरोवराकाठी २ मीटरच्या सौर दुर्बिणीची बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची योजना आहे. पुण्याच्या आयुका संस्थेने ‘आदित्य एल-१’ या भारतीय यानासाठी घडवलेली ‘सूट’ दुर्बीण अवकाशातून सूर्याची अतिनील छायाचित्रं घेते. जमिनीवरून होणारं चुंबकीय मोजमाप तिला उत्तम पूरक ठरेल. शिवाय हवाईत सूर्य मावळतो तेव्हा लडाखमध्ये सकाळ असते आणि मोठ्या सौर दुर्बिणींच्या कॅनरी बेटांवर अजून रात्र. लडाखची दुर्बीण लवकर उभी राहायला हवी ती हा खंड भरून काढण्यासाठीही.