सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम: निवड कशावर करावी?

वेबसाइट म्हणजे अखेर कोठल्या तरी संगणकावर ठेवलेला मजकूर. तो मागणाऱ्याला रात्रंदिवस पुरविणारा जो संगणक, त्यास सर्व्हर म्हणतात. आणि त्याची स्मृति, डिस्क व एकाच वेळीं चालणारीं अनेक कामें यांची व्यवस्था जी पाहते, ती ऑपरेटिंग सिस्टिम. घरचा संगणक मनुष्य पडद्याकडे पाहून पसंत करतो. सर्व्हरला बहुधा पडदाच नसतो. तो दूरच्या इमारतींत असतो आणि त्यास आज्ञा द्यावयाच्या त्या इंटरनेटवरून, लेखी. तेव्हां रूपाचा प्रश्न येथें निकालांत निघतो.

साइट कशावर उभारली आहे, हें प्रथम पाहावें. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपी डॉट नेट पद्धतीनें ती बांधलेली असेल, तर विंडोज सर्व्हर घेणें प्राप्त, आणि परवान्याचे पैसे मोजणेंहि. (नवें डॉट नेट लिनक्सवरहि चालतें, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.) वर्डप्रेससारखी पीएचपी व मायएसक्यूएल यांवर चालणारी साइट असेल, तर लिनक्स हें तिचें माहेर.

परंतु लिनक्स म्हटल्यानें निवड संपत नाहीं. लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेला लिनक्स हा केवळ गाभा आहे. त्याभोंवतीं इतर साहित्य रचून डेबियन, उबुंटू, रेड हॅट इत्यादि प्रणाली सिद्ध झाल्या. सामान्य साइटला जाणवेल असें वेगाचें अंतर त्यांत नाहीं. अंतर आहे तें दुरुस्तीच्या मुदतीचें. कोणत्याहि प्रणालींत छिद्रें सांपडतच राहतात. तीं बुजविणारा कोणी आहे, तोंपर्यंतच ती विश्वासाची. मुदत संपली म्हणून सर्व्हर बंद पडत नाहीं. तो पूर्वीसारखाच चालतो, आणि धोका आहे तो यांतच. गिऱ्हाइकांचीं नांवें व पत्ते चोरीस गेल्याचें मालकाला कळतें तें फार उशिरां.

सेंटओएसची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. रेड हॅटची मुख्य प्रणाली पैसे देऊन आधार घेणाऱ्यांसाठीं. तिच्याच खुल्या मूळ संहितेपासून तयार होणारें सेंटओएस मात्र फुकट. होस्टिंगचा धंदा करणाऱ्यांनीं तें उचललें यांत नवल नाहीं. २०१४ सालीं हा प्रकल्पच रेड हॅटच्या आश्रयाला आला. पुढें २०१९ च्या सप्टेंबरांत आठवी आवृत्ति निघाली. तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असें सांगितलें गेलें होतें. ८ डिसेंबर २०२० रोजीं जाहीर झालें कीं, ती २०२१ अखेर बंद होणार! दहा वर्षांचा हिशेब सव्वादोन वर्षांवर आला. जुन्या सातव्या आवृत्तीला मात्र ३० जून २०२४ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहिल्या. म्हणजे हौसेनें नवें घेणारेच आधीं उघड्यावर पडले. संहिता खुली होती म्हणून निभावलें. २०२१ मध्येंच अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स या प्रणाली निघाल्या, आणि चालू सर्व्हर जागच्या जागीं बदलण्याचीं साधनेंहि त्यांनीं दिलीं.

डेबियनमागें कंपनी नाहीं. १९९३ पासून स्वयंसेवकच ती चालवितात. तिची आवृत्ति सुमारें पांच वर्षें सांभाळली जाते, आणि उबुंटूच्या दर दोन वर्षांनीं निघणाऱ्या एलटीएस आवृत्तीलाहि मूळ मुदत पांचच वर्षांची. या दोहोंत श्रेष्ठ कोण, हा वाद हौशी लोकांस लखलाभ असो. रात्रीं दोन वाजतां साइट बंद पडली तर ज्याला उठवावयाचें, त्या माणसाच्या हाताखालून जी गेली असेल ती घ्यावी. होस्टिंगवाला जी यादी पुढें करतो, तींत जुन्या आवृत्त्याहि असूं शकतात. नांवापुढील आंकडा नीट पाहावा, आणि त्या आवृत्तीची मुदत संपण्याची तारीख सर्व्हर घेतल्या दिवशींच लिहून ठेवावी.