लघवीचा रिपोर्ट आणि रसाची शुद्धता

मिश्र रसात पाणी जास्त पडले की पोल उतरते. म्हणून काही ऊस वाईट ठरत नाही. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की शुद्धता कळते.

अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की लघवीत प्रतिकाराची प्रथिने वाढतात. त्यांचेही असेच. तांब्याभर पाणी पिऊन नमुना दिला की आकडा घसरतो, उन्हात राबून दिला की चढतो, दुखणे तेवढेच! म्हणून त्याच नमुन्यातले क्रिएटिनिन मोजून त्याने भागतात.

गोम एकच. क्रिएटिनिन तयार होते स्नायूंतून. वाळलेल्या म्हातारीच्या अंगात ते मुळातच कमी, त्यामुळे तिचा भागाकार उगाच फुगतो. तिचा आकडा तिच्याच मागच्या रिपोर्टशी ताडावा, धडधाकट मुलाच्या नव्हे. आणि अंगकाठीचे डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावे.