गिअरबॉक्सची जन्मपत्रिका

काशीला गेलेला मराठी माणूस गंगास्नान, विश्वनाथाचं दर्शन आणि जमलंच तर भोसले घाट, सिंदिया घाट एवढं उरकून परतीची गाडी पकडतो. हाताशी अर्धा दिवस असेल, तर पलीकडच्या तीरावरचा रामनगरचा किल्ला मात्र चुकवू नये. काशीनरेश बलवंतसिंह यांनी अठराव्या शतकात चुनारच्या दगडात बांधलेला हा किल्ला. तिथल्या संग्रहालयात पालख्या, हत्तीवरचे हौदे, तलवारी आणि त्यांच्या जोडीला जुन्या अमेरिकन मोटारी. मुलं आत डोकावायला धडपडतात आणि मोठ्यांच्या तोंडी हमखास प्रश्न असतो: आतलं सगळं अस्सल असेल का हो?

संग्रहालयातल्या गाडीबाबत हे नुसतं कुतूहल. पण एखादी जुनी स्पोर्ट्‌स कार विकायला निघाली, की याच प्रश्नावर मोठाली रक्कम अडते. शौकीन मंडळी चासी आणि इंजिनाचे नंबर ताडून पाहतात. गिअरबॉक्सकडे मात्र बरेचदा काणाडोळा होतो. आणि लबाडीला वाव असतो तो तिथेच.

याचं कारण साधं आहे. आपल्या आरसी बुकात चासीचा नंबर असतो, इंजिनाचा असतो, गिअरबॉक्सचा नसतो. आयात सुट्या भागांची वानवा होती त्या काळात गिअरबॉक्सने मान टाकली, की मिस्त्री मिळेल त्या गाडीचा बसवून देत. गाडी चालायला लागे, मालक खूश! कागदावर त्याची खूण राहत नसे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालणार नाही, असं त्यात बजावलं आहे. गिअरबॉक्सचा उल्लेख तिथेही नाही.

मग ओळखायचं कसं? जग्वारचं उदाहरण घ्या. या कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या पत्र्याच्या पाटीवर चार नंबर असत: गाडीचा, इंजिनाचा, बॉडीचा आणि गिअरबॉक्सचा. १९६१ साली आलेल्या ई-टाइपमध्ये गिअरबॉक्सचा नंबर दोन जागी ठोकलेला असे. एक मुख्य पेटीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर, दुसरा वरच्या झाकणावर. झाकण काय, बोल्ट सैल केले की निघतं! अस्सल झाकण भलत्याच पेटीवर बसवता येतं. म्हणून दोन्ही नंबर आपल्या डोळ्यांनी वाचावेत, आरशा-टॉर्चचा कंटाळा करू नये. अंकांभोवती धातू घासल्याच्या ताज्या रेघा दिसल्या, तर समजावं की पाणी मुरतंय.

कानांनीही बरंच कळतं. ३.८ लिटरच्या त्या पहिल्या ई-टाइपला पहिल्या गिअरवर सिंक्रोमेश नव्हता. चालत्या गाडीत डबल क्लच न करता पहिला टाकला, की दात करकरणारच. १९६४च्या अखेरीस ४.२ लिटरची गाडी आली, तेव्हा चारही गिअर मऊ झाले. तेव्हा १९६२ची म्हणून दाखवलेली गाडी पहिल्या गिअरवर लोण्यासारखी सरकली, तर हुरळू नका. पेटी बहुधा नंतरची आहे.

बदललेली पेटी म्हणजे फसवणूकच, असं नाही. चालवायला ती अधिक सुखाची असते. मालकाने तसं सांगून त्या हिशेबाने किंमत लावली, तर तक्रार कसली? फक्त सौद्याआधी जुन्या गॅरेजच्या अडगळीत एक चक्कर मारावी. मूळ पेटी कधी कधी तिथेच धूळ खात पडलेली असते.