तांबडं झाकलं, तरी कोंबडं आरवलं

चिनूच्या मोबाइलमध्ये पाच गजर लावलेले असतात. पहिला पावणेसहाचा, शेवटचा सव्वासहाचा. पाचही मी ऐकतो, कारण माझी खोली तिच्या खोलीला लागून आहे आणि मला आता पहाटे साडेचारनंतर झोप लागत नाही. ती मात्र एकही ऐकत नाही. मग तिच्या आईच्या हाका सुरू होतात, बाबा पांघरूण ओढतो, बस कोपऱ्यावर येऊन भोंगा वाजवते आणि त्या धांदलीत कोणीतरी म्हणून जातं, "कुंभकर्ण आहेस अगदी!" परवा तो शब्द ऐकून पोरीचे डोळे भरून आले. न खाताच गेली शाळेत.

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी चिनूला आणि तिच्या धाकट्या भावाला, ओमला, गॅलरीत बोलावलं. जानेवारीचा पहिला आठवडा. डोंबिवलीत पडेल तेवढी थंडी पडली होती. "बसा, गोष्ट सांगतो," म्हटलं.

"आबा, मी नववीत आहे," चिनू म्हणाली.

"म्हणूनच सांगतो. ही नववीतल्या मुलीचीच गोष्ट आहे. पण सुरुवात या कुंडीपासून."

कुंडीत लाजाळूचं रोप आहे. पानं मिटलेली होती. "कोणी हात लावलाय का याला?" मी विचारलं.

"नाही. अंधार पडला म्हणून मिटलंय," ओम म्हणाला. तो चौथीत आहे आणि त्याच्याकडे उत्तर नेहमी तयार असतं.

१७२९ सालापर्यंत मोठमोठ्या विद्वानांनाही ओमसारखंच वाटत होतं. उजेड आला की पानं उघडतात, गेला की मिटतात, त्यात विचारण्यासारखं काय? पण फ्रान्समध्ये द मेराँ नावाचे एक गृहस्थ होते. झाडांचे अभ्यासक नव्हते ते, आकाशातल्या ताऱ्यांचे होते. त्यांनी लाजाळूचं रोप उचललं आणि उन्हाचा कवडसाही पोचणार नाही अशा जागी ठेवलं. सकाळ झाली. बाहेर सूर्य वर आला आणि आत, मिट्ट अंधारात, लाजाळूने पानं उघडली! संध्याकाळी मिटली. दुसऱ्या दिवशीही तेच.

द मेराँ यांना वाटलं, झाडाला सूर्य न बघताही जाणवत असावा. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांना बंद खोलीतही दिवस-रात्र कळते, तसंच हे असेल, असा त्यांचा तर्क. पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ही हकीकत त्यांच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राने मांडली. जेमतेम पानभर मजकूर. त्या पानातून पुढे एक अख्खं शास्त्र निघालं.

"मग बरोबर होता का त्यांचा तर्क?" चिनूने विचारलं. तिने मोबाइल बाजूला ठेवला होता, हे माझ्या लक्षात आलं.

ते कळायला शंभर वर्षं जावी लागली. १८३२ साली द कान्दोल नावाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने उलटा प्रयोग केला. त्याने लाजाळूला सतत उजेडात ठेवलं. तरीही पानं मिटत-उघडत राहिली, पण २४ तासांनी नाही, २२-२३ तासांनी. आता नीट विचार कर. लाजाळू जर बाहेरच्या सूर्याची चाहूल घेत असती, तर तिचा दिवस चोख २४ तासांचाच झाला असता. तो जरा लहान निघाला, म्हणजे ती सूर्याचं ऐकतच नव्हती. तिच्या आत तिचं स्वतःचं घड्याळ होतं आणि ते थोडं पुढे पळत होतं. घड्याळ आहे हे त्याच्या चुकण्यावरून कळलं. मला या सगळ्या कहाणीत ही युक्ती फार आवडते.

आपल्याकडे म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठात शिम्मुरा आणि योशिमुरा या दोघांनी तांबडंच झाकलं. कोंबडे अशा खोलीत ठेवले, जिथे दिवस-रात्र एकसारखा मंद उजेड. पहाट होणार नाही, सूर्य उगवणार नाही. तरी कोंबडे पहाटेच्या वेळी आरवले. अनेक दिवस आरवले. पुढे पुढे तो ताल ढिला पडत गेला, पण तोवर गुपित फुटलं होतं. कोंबडा तांबडं बघून बांग देत नाही, तो ते फुटायच्या आधीच ओळखतो. हे २०१३ मध्ये छापून आलं. दोन वर्षांनी त्यांनीच आणखी एक गंमत दाखवली. खुराड्यातला सगळ्यांत मानाचा कोंबडा आधी आरवतो, मग दुसरा, मग तिसरा, अगदी मानपानाच्या क्रमाने. ओम इतका हसला, की शेजारच्या गॅलरीतला दिवा लागला.

"आणि माणूस?" चिनू म्हणाली.

त्यासाठी एक माणूस जमिनीखाली गेला. मिशेल सिफ्र. फ्रान्सचा भूगर्भशास्त्रज्ञ, वय २३. १९६२ च्या जुलैत तो आल्प्स पर्वतातल्या एका गुहेत, जमिनीखालच्या हिमनदीशेजारी तंबू ठोकून राहिला. बरोबर घड्याळ नाही, आणि गुहेत उजेडाचा कवडसा नाही. वरच्या मित्रांशी बोलायला टेलिफोन होता. उठलो, जेवलो, झोपतो, एवढं तो सांगायचा. वेळ कोणती हे मित्रांनी त्याला सांगायचं नाही, असा करार. मधूनमधून तो सेकंदाला एक या बेताने १ ते १२० आकडे मोजायचा. त्याला वाटायचं, दोन मिनिटं झाली. वरच्यांच्या घड्याळात पाच झालेली असायची.

१४ सप्टेंबरला मित्र म्हणाले, मुदत संपली, वर ये. त्याचा विश्वासच बसेना. त्याच्या वहीप्रमाणे ती २० ऑगस्ट होती. २५ दिवस त्याच्या हिशेबातून गळून पडले होते. पण मित्रांच्या नोंदी पाहिल्या तर काय दिसलं? त्याचं झोपणं-उठणं साधारण साडेचोवीस तासांच्या फेऱ्याने, नेमाने चाललं होतं. मनाने गणती सोडली होती. शरीराने सोडली नव्हती.

"कुठे असतं हे घड्याळ?" ओमने स्वतःचं मनगट बघितलं, मग छाती चाचपली.

मेंदूत, डोळ्यांच्या मागे. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरासं वर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान जागेत सुमारे २०,००० पेशी आहेत. ते मुख्य घड्याळ. त्याची चाकं कशी फिरतात, हे फळांवरच्या चिलटांनी शिकवलं. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात कोनोप्का आणि बेंझर यांना अशी चिलटं सापडली, की एकाचा दिवस १९ तासांचा, एकाचा २८ तासांचा, आणि एकाला दिवसाचा पत्ताच नाही. तिघांचा बिघाड एकाच जनुकात. ते जनुक रोज एक प्रथिन बनवतं. प्रथिन साठत जातं आणि पुरेसं साठलं की आपल्याच जनुकाचं काम थांबवतं, जसा गच्चीवरच्या टाकीतला तरंगता गोळा पाणी भरलं की नळ बंद करतो. मग प्रथिन हळूहळू झिजतं, नळ पुन्हा सुरू होतो. असा एक फेरा, एक दिवस. हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचं घड्याळही याच तत्त्वावर चालतं.

आमच्या आजोळी एक जुनं भिंतीवरचं घड्याळ होतं. दिवसाला काही मिनिटं मागे पडायचं. आजोबा रोज आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे ठोके ऐकून त्याचा काटा पुढे सरकवायचे. माणसाच्या आतलं घड्याळ त्याच जातीचं आहे. हार्वर्डच्या झाइस्लर यांनी १९९९ मध्ये ते काटेकोर मोजलं. सरासरी २४ तास ११ मिनिटं. म्हणजे ते रोज लावावं लागतं.

कशाने लावायचं? मदुराईजवळच्या गुहांमध्ये वटवाघळं राहतात. आत खोलवर उजेड पोचत नाही, तरी संध्याकाळ झाल्याचं त्यांना कळतं. मदुराई कामराज विद्यापीठातले एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक वटवाघूळ त्या गुहेतच पिंजऱ्यात ठेवलं. भोवतीची बाकीची ये-जा करत होती, तोवर पिंजऱ्यातल्याचं घड्याळ बरोबर चाललं. सोबत नसलेल्या, एकट्या वटवाघळाचं भरकटलं. ती एकमेकांच्या सोबतीने वेळ लावतात. माणसाला मात्र मुख्यतः उजेड लागतो. आपल्या डोळ्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी आहेत. त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नव्हे, उजेड किती आहे ते घड्याळाला कळवणं. निळसर उजेड त्यांना सगळ्यांत लवकर जाणवतो. सकाळचा उजेड काटा पुढे सरकवतो, त्यामुळे रात्री झोप लवकर येते. रात्रीचा उजेड काटा मागे ओढतो. शिवाय अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन नावाचं, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं जे द्रव्य पाझरू लागतं, त्यालाही तो अडवतो.

चिनूने बाजूला ठेवलेल्या मोबाइलकडे एकदा बघितलं. मी काही बोललो नाही. मला तिला पुढचं सांगायचं होतं.

बाळांनो, हे घड्याळ आयुष्यभर एकाच वेळेला राहत नाही. लहान मूल पहाटे उठून घर डोक्यावर घेतं. वयात येताना काटा मागे सरकू लागतो. मेलाटोनिन उशिरा पाझरतं आणि दिवसभर जागून डोळ्यांवर जी पेंग साठायला हवी, तीही सावकाश साठते. म्युनिकच्या रोएनबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या. उशिरा झोपणं-उठणं मुलींमध्ये साडेएकोणीस आणि मुलांमध्ये एकविसाव्या वर्षाच्या आसपास टोकाला जातं, आणि तिथून काटा परत लवकरच्या बाजूला वळतो. वळत वळत माझ्यापर्यंत येतो.

"म्हणजे चिनू, मी साडेचारला उठतो यात माझं काही पुण्य नाही. आणि सहाला तुझे डोळे उघडत नाहीत हा तुझा दोष नाही. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. बाराला डोळा लागला आणि पावणेसहाला गजर झाला, तर हिशेब कसा जुळणार?"

ती काही बोलली नाही. ओमच म्हणाला, "मग माझंपण असं होणार?"

"होणार. आणि तेव्हा तुला कोणी काही बोललं, तर ताईला बोलाव."

खरी अडचण ओमकडे बघितल्यावर कळते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. चांगलंच केलं. आता आमच्या घरात जो आपणहून साडेसहाला टुणकन उठून गाड्या खेळत बसतो, त्याची शाळा ९ ला. आणि जिच्या मेंदूत त्या वेळी अजून रात्र असते, तिची ७ ला. त्यात आपण देशाच्या पश्चिम टोकाला. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आणि मुंबईचा सूर्य तिच्या ३९ मिनिटं मागे चालतो. म्हणूनच १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यानंतरही मुंबईने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत जपली होती. शाळेच्या घड्याळात ७ वाजतात तेव्हा आपल्या सूर्याच्या हिशेबाने ६ वाजून २१ मिनिटंच झालेली असतात.

शाळेची वेळ बदलेपर्यंत काय करायचं, हे आम्ही तिघांनी ठरवलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या केनेथ राइट यांनी आठ जणांना आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत राहायला नेलं. विजेचा दिवा नाही, मोबाइल नाही, फक्त ऊन आणि शेकोटी. आठवड्याअखेर त्यांची घड्याळं सुमारे दोन तास लवकरच्या बाजूला आली. आपल्याला पर्वतात जाता येणार नाही, गच्चीत जाता येईल. घरातला उजेड फार तर काहीशे लक्स असतो. बाहेर ढगाळ आभाळाखालीही तो हजारोंत असतो, उन्हात लाखाच्या घरात जातो. तेव्हा सुट्टीच्या दिवशी चिनू नऊपर्यंत झोपेल, बारापर्यंत नाही, आणि उठल्यावर दूध घेऊन अर्धा तास माझ्याबरोबर उन्हात बसेल. रात्री नऊनंतर घरातल्या ट्यूबलाइट बंद, पिवळा मंद दिवा फक्त. मोबाइल स्वयंपाकघरात, सगळ्यांचेच, तिच्या बाबाचाही. आणि तो शब्द या घरात पुन्हा कोणी वापरायचा नाही.

नववी-दहावीच्या वर्गांच्या वेळा ज्यांच्या हातात आहेत, त्यांना या आजोबाची हात जोडून विनंती आहे. चौथीच्या पुढच्या मुलांकडेही बघा. उद्या आमच्याकडे सूर्य ७ वाजून १० मिनिटांच्या सुमारास उगवेल. चिनूचा पहिला तास ७ ला सुरू होतो.