आमदारांना घरातल्या मानसिक आजाराबद्दल सांगायचंय? मग नेमकं काय सांगाल?

गुहागर तालुक्यातल्या एखाद्या वाडीतून रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. १८८६ साली सुरू झालेलं हे रुग्णालय राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. उरलेली तीन ठाणे, पुणे आणि नागपूरला आहेत. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात सोय आहे, असं म्हणायला हरकत नाही. पण स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या संपल्या की पुन्हा एसटी, पुन्हा बुडालेली मजुरी आणि सोबतीला घरातलं एक माणूस. एखादी खेप चुकते, गोळ्या बंद पडतात आणि आजार उलटतो.

हे आमदारांना सांगायला हवं, यात वाद नाही. पण सांगायला गेलेली माणसं बहुधा दोनपैकी एक करतात. एक तर दहा वर्षांचं सगळं दुःख एका बैठकीत मोकळं करतात, किंवा 'मानसिक आरोग्याकडे लक्ष द्यावे' असं निवेदन देऊन फोटो काढून येतात. पहिल्यात मागणी नसते आणि दुसऱ्यात माणूस नसतो.

कोकणात देवापुढे गाऱ्हाणं कसं घालतात, ते आठवा. कोणाच्या घरची अडचण, काय अडचण आणि काय व्हायला हवं, हे तिन्ही त्यात येतं. आमदारांपुढेही तसंच मांडायचं.

मागायचं काय?

इथे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा कामाला येतो. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे आणि त्याच्या मसुद्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा होता. त्यातलं कलम १८ सांगतं की सरकारी मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे. आवश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत, असंही त्यात आहे. आपल्याकडे त्या पातळीवर ग्रामीण रुग्णालय येतं. म्हणजे गोळ्यांसाठी रत्नागिरी गाठावी लागत असेल, तर ती मेहेरबानीची नाही, कायद्याच्या अंमलबजावणीची गोष्ट झाली.

समजा, शृंगारतळीजवळची एक आई बोलते आहे: "माझ्या मुलाला सहा वर्षं हा आजार आहे. गोळ्या चालू असल्या की तो बागेत काम करतो. गेल्या वर्षी दोनदा गोळ्या मिळाल्या नाहीत आणि दोन्ही वेळा त्याला दाखल करावं लागलं. या गोळ्या गुहागरच्या ग्रामीण रुग्णालयात दर महिन्याला मिळाव्यात, एवढंच मागणं आहे." दोन मिनिटं पुरतात. मुलगा बरा असताना काय करतो, हे वाक्य गाळू नका. माझ्या मते सगळ्यात जास्त काम तेच करतं, कारण औषधाने काय साधतं ते ऐकणाऱ्याला त्यातूनच दिसतं.

यावर आमदार काय करू शकतात? सार्वजनिक आरोग्य विभागाला पत्र, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठपुरावा, विधानसभेत तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना. प्रश्न अधिवेशनाच्या बरेच दिवस आधी द्यावे लागतात, म्हणून डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी गणपतीतच भेटलेलं बरं. तेव्हा चाकरमानी भाऊही गावात असतो, सोबत येतो. कागद एकच पान, खाली फोन नंबर आणि पोच घ्यायला विसरू नका.

एका घरच्या गोष्टीने काय होतं, असं वाटत असेल तर डॉ. जगन्नाथ वाणी आठवा. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या या मराठी प्राध्यापकाच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि 'देवराई' या मराठी चित्रपटामागेही तेच होते. कोर्टातही असं घडलं आहे. बरी होऊनही वर्षानुवर्षं मनोरुग्णालयातच राहिलेल्या एका महिलेची हकीकत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, आणि प्रश्न तिच्यापुरता न राहता राज्यातल्या अशा सगळ्या रुग्णांचा झाला.

पण गोष्ट कोणाची?

आजार ज्याचा, त्याची. आई असो की भाऊ, त्याला विचारल्याशिवाय सांगू नये. उपचारांची माहिती गुप्त राहणं हा याच कायद्याने दिलेला हक्क आहे (कलम २३). गावात नाव गाळून भागत नाही. वाडी आणि वय सांगितलं की सगळ्यांना कळतं. म्हणून हे आमदारांच्या कार्यालयात समोरासमोर सांगा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. भेटीचा फोटो टाकायचा असेल तर रुग्णाला आधी दाखवा. त्याला स्वतः बोलायचं असेल तर उत्तमच, फक्त कुठल्या प्रश्नाला 'हे नाही सांगणार' म्हणायचं ते घरीच ठरवून जा. आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल बोलायची वेळ आली तर तो कसा केला हे सांगू नका, मदत कधी आणि कुठे मिळाली नाही ते सांगा.

भेटीनंतर महिन्याभरात पत्राचं काय झालं, ते कार्यालयात फोन करून विचारा. दरम्यान घरात कोणाला आधाराची गरज असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.